खांद्याचं माप

माझ्या दुकानात मापं ओरडून सांगावी लागतात. कटिंग मास्तर आतल्या टेबलाशी वही घेऊन बसतात आणि चाळीस वर्षं मशीनच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. मी गिऱ्हाइकाला टेप लावून आकडा ओरडते, ते लिहितात आणि खात्रीसाठी हमखास परत विचारतात, "किती?" मग मी पुन्हा ओरडते. त्यामुळे अर्ध्या गावाच्या कमरेचा घेर उरलेल्या अर्ध्या गावाला पाठ आहे. ज्यांना लाज वाटते त्यांनी तयार कपडे घ्यावेत, असं माझं आजवरचं धोरण.

याला अपवाद एकच, पार्सलवाली. ती पोस्टात पार्सलच्या खिडकीवर असते. तिचं माप मी गुपचूप घेते, चिठ्ठीवर टिपते आणि मास्तर जेवायला गेले की स्वतः वहीत उतरवते. तिचे कपडे कापतेही मीच. मास्तरांनी कारण कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

यंदा माझ्या भाचीनं डोक्याला ताप दिला. ती माझ्याकडेच राहते, लोकांना गाडी चालवायला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी चिखलात लोळते. म्हणजे रग्बी खेळते. आमच्या वस्तीच्या क्लबात बायकांचा संघ आहे, त्याची ती कप्तान. त्यांच्या जर्सी मी शिवते, कारण बाजारातल्या जर्सी पुरुषांच्या अंगाला बेतलेल्या असतात. खेळ पंधरा जणींचा आणि संघात उरल्या होत्या नऊ. दोघींना बाळं झाली, तिघींची बदली झाली, एकीचा गुडघा गेला. महिनाअखेर पंधरा नावं गेली नाहीत तर संघ लीगमधून बाद आणि मैदान दुसऱ्या कुणाला तरी. सहा वर्षं तिनं तो संघ जिवापाड जपला होता. तिनं रडारड केली नाही, पण जेवताना गप्प बसायला लागली. ती गप्प बसली की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तिनं दुकानात आरशाशेजारी कागद चिकटवला: "रग्बी खेळायला या. अनुभवाची गरज नाही." आठवडाभरात त्या कागदाचा एक कोपरा फाडून कुणीतरी च्युइंगम गुंडाळलं. बाकी उपयोग शून्य.

"मावशी, तुझ्या वहीत सगळ्यांची मापं आहेत," ती एकदा म्हणाली. "कुणाच्या मांड्या भक्कम आहेत, कुणाचं मनगट जाड आहे, तुला सगळं ठाऊक."

मी तिला झापलं. "वहीतलं बाहेर जात नाही," म्हटलं. म्हणजे बघा, आकडे ओरडून सांगणारी मी.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अंगावर टाचण्या लावलेल्या बाईला पळता येत नाही. बेकरीवाली पँटची उंची कमी करायला आली. तिला स्टुलावर उभं केलं, चारही बाजूंनी टाचण्या लावल्या आणि मग विषय काढला. "पहाटे तीनला उठून पिठाची पोती उचलतेस, तुला कसली आलीय भीती?" ती हो म्हणेपर्यंत एकही टाचणी काढली नाही. दाताच्या डॉक्टरची मदतनीस अशीच सापडली. टायरच्या दुकानातल्या दोघी बहिणी एकदमच सापडल्या, कारण धाकटीला कोटाचं अस्तर बदलायचं होतं आणि थोरली सोबत आली होती. भूगोलाच्या बाईंनी फार प्रश्न विचारले, पण त्या धावतात मात्र अशा की नजर पुरत नाही. बघता बघता चौदा झाल्या. भाची पुन्हा बडबडायला लागली आणि मी पुन्हा दोन घास जास्त खायला लागले.

पंधरावी मात्र मिळेना. ती पुढच्या रांगेतली हवी होती. या खेळात स्क्रम म्हणून प्रकार असतो. दोन्हीकडच्या आठ-आठ जणी वाकतात, खांद्याला खांदा भिडवतात आणि एकमेकींना रेटतात. सगळ्यांत पुढे तिघी असतात आणि भार त्यांच्यावर. तिथे किरकोळ बाई उभी केली तर तिची मान मोडायची.

"सगळ्यांत रुंद खांदे कुणाचे आहेत गं मावशी?" भाचीनं विचारलं.

"आहेत त्या सगळ्या सांगून झाल्या," मी म्हणाले आणि वही मिटली.

ते खोटं होतं. ते का बोलले, हे सांगायचं तर वीस वर्षं मागं जावं लागेल. पार्सलवाली तेव्हा सोळा वर्षांची होती. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी झगा शिवायला आईबरोबर आली होती. दुकान गच्च भरलेलं. मी खांद्याला टेप लावली, आकडा ओरडले, मास्तरांनी विचारलं, "किती?" आणि माझी जीभ सैल सुटली. "सतरा हो सतरा! हिला झगा कशाला, बापाचा कोटच द्या घालायला!" सगळं दुकान हसलं. तिची आईसुद्धा हसली. पोरगीही हसली, मी पाहिलं. पुढच्या वेळी आली ती पाठीला पोक काढून. म्हणाली, "काकू, जरा सैल ठेवा. खांदे दिसायला नकोत." तेव्हापासून मी तिच्या खांद्यावरची शिवण खाली उतरवते, गडद रंग सुचवते आणि वहीत तिचं माप एक इंच कमी लिहिते. वही कधी तिच्या नजरेला पडलीच तर तिला बरं वाटावं म्हणून. कापताना तो इंच मी मनातल्या मनात परत घालते. माफी मात्र कधी मागितली नाही.

शेवटी भाचीनंच तिला शोधलं. क्लबचे बूट आले होते, ते घ्यायला ती पोस्टात गेली. "मावशी, तिनं ती पेटी एका हातानं उचलून खिडकीत ठेवली. एका हातानं! मी तिथल्या तिथे विचारलं. तर म्हणते, मला नाही जमणार, मी विचित्र दिसेन. कपडे आपल्याकडेच शिवते म्हणाली. असलं काहीतरी हिच्या डोक्यात कुणी भरवलं, कोण जाणे."

मी टाचण्यांची डबी आवरायला घेतली. महिना संपायला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मीच पोस्टात गेले. पाठवायला काही नव्हतं, म्हणून बहिणीच्या नावानं दोन जुने टॉवेल बांधून नेले. खिडकीपाशी गर्दी नव्हती. खरं बोलायची याहून चांगली संधी मिळाली नसती. पण वीस वर्षं न बोललेली गोष्ट काचेतल्या त्या भोकातून बाहेर पडेना. मी भलतंच बोलले. "तू ये. तुझी जर्सी मी स्वतः कापीन. अशी सैल शिवीन की काही म्हणजे काही दिसणार नाही. माझा शब्द."

ती बराच वेळ टॉवेलांच्या पुडक्यावर शिक्के मारत राहिली. "नक्की दिसणार नाही ना, काकू?"

"नक्की."

अशी पंधरावी मिळाली. आठ आठवडे ती संध्याकाळी सरावाला गेली, बापाचा जुना ढगळ शर्ट घालून. भाची घरी येऊन रोज तिचंच कौतुक सांगायची. वाकावं कसं, मान कशी सांभाळावी, हे तिनं इतरांच्या निम्म्या वेळात उचललं म्हणे. सराव संपल्यावर ती टायरवाल्या बहिणींबरोबर चहाला थांबते म्हणे. पोस्टात इतक्या वर्षांत ती कुणाबरोबर चहाला थांबल्याचं मी ऐकलं नव्हतं.

सामन्याच्या आठवड्यात जर्सीचं कापड उशिरा आलं आणि नेमकी माझी अक्कलदाढ काढावी लागली. गाल हा एवढा सुजला. दोन दिवस मी घरी पडून होते. मास्तर बिचारे कामाचे चोख. त्यांनी पंधराच्या पंधरा जर्सी वहीबरहुकूम कापल्या, त्यातही भाचीनं बजावलं होतं की जर्सी अंगाबरोबर हवी, सैल असली की समोरचीच्या मुठीत येते. कारागिरांनी शिवल्या, भाचीनं गठ्ठा उचलून नेला. मला काही पत्ता नाही.

मी थेट मैदानावर गेले, गालाला फडकं बांधून. संघ पाठमोरा उभा होता. त्यात पार्सलवालीची पाठ मी पाहिली. शिवण ताणून पांढरी पडली होती. ओरडायला तोंड उघडलं तर टाक्यांतून कळ गेली. तेवढ्यात शिट्टी वाजली.

पहिलाच स्क्रम. सोळा जणी भिडल्या आणि कापड फाटल्याचा आवाज मला कडेला उभं राहून ऐकू आला. कापड फाटल्याचा आवाज मी कितीही गोंगाटात ओळखते. ती उठली तेव्हा जर्सी या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत उसवली होती. आत बनियन होतं, पण खांदे उघडे पडले. तिनं एक हात मागे नेला, चाचपलं आणि कडेला पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता.

ती बाहेर आली असती तर तिच्या जागी उभी राहील अशी दुसरी कुणी नव्हती. पंचांनी तिला विचारलं. भाचीही धावत गेली, तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली. पार्सलवालीनं हात खाली घेतला. मग ती आपल्या जागी गेली आणि वाकली. शेवटपर्यंत ती तशीच खेळली. आमच्या पोरी नऊ गुणांनी हरल्या, पण स्क्रममध्ये एक पाऊलही मागे सरकल्या नाहीत. मी मात्र खेळ संपायच्या आत घरी पळाले. भित्री म्हणा हवं तर.

सोमवारी ती दुकानात आली. आत दोन गिऱ्हाइकं होती, एकीला टाचण्या लावलेल्या. तिनं फाटकी जर्सी टेबलावर ठेवली. "तुमची भाची म्हणते, मास्तरांनी वहीप्रमाणे कापली. वही दाखवा, काकू."

मी वही उघडून दिली. तिनं आपलं पान वाचलं. "साडेसोळा?"

"साडेसतरा आहे. मी एक इंच कमी लिहिते. पहिल्यापासून."

"का?"

"तू सोळा वर्षांची असताना मी भरल्या दुकानात एक वाक्य बोलले होते म्हणून."

वही मिटून तिनं तिच्यावर हात ठेवला. "मला वाटायचं, तुम्ही विसरलात."

"विसरले असते तर इंच कशाला चोरला असता?" म्हटलं, आता हे सुजलेलं तोंड चाललं आहे तोवर बोलून घ्यावं. "चुकलं गं माझं. तेव्हाच म्हणायला हवं होतं. वीस वर्षं मी तुझे खांदे झाकत बसले, आणि खरं तर मी माझं तोंड झाकत होते. शनिवारी तुला पाहिलं आणि इतका अभिमान वाटला की मला तिथं उभं राहवेना."

"म्हणून पळालात?"

"हो."

ती हसली. सोळाव्या वर्षी हसली होती तसं नव्हे, चांगली तोंड भरून. "समोरची ती दांडगी बाई होती ना, ती खेळ संपल्यावर माझ्याकडे आली. म्हणाली, असले खांदे मला असते तर मी उघडेच टाकून फिरले असते." मग ती वळली आणि माझ्याकडे पाठ करून ताठ उभी राहिली. "नवी जर्सी शिवायची. बरोबर मापाची. घ्या टेप."

मी टेप लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. आठ आठवड्यांच्या सरावानं अर्धा इंच भर पडली होती. सवयीनं मी चिठ्ठीसाठी पेन्सिल शोधू लागले.

"चिठ्ठी नको," ती म्हणाली. "सगळ्यांचं सांगता तसं सांगा."

गालातली कळ सोसून मी तोंड उघडलं आणि ओरडले, "खांदा, अठरा!"

टाचण्या लावलेली बाई वळून बघायला लागली. मास्तरांनी आतून मान वर केली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "किती?"

मी श्वास घ्यायच्या आत तिनंच उत्तर दिलं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"अठरा, मास्तर. अठरा लिहा."