घंटी मारली होती

"काका, तुम्हीच बोललात ना, घंटी मारा म्हणून? मी मारली होती! सांगा ना या बायकांना!"

शेजारचा चंद्रप्रकाश पुन्हा पुन्हा तेच ओरडत होता. मामानं अमेरिकेहून आणलेली त्याची जाड टायरची, गिअरवाली सायकल करवंदीच्या जाळीत पडली होती. वाटभर मोळीची लाकडं विखुरली होती आणि त्यांच्या मधोमध पाड्यावरची जानकी बसली होती. तिचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. ती नुसती मार्तंडरावांकडे बघत होती.

मार्तंडराव फडणीस हे विमा कचेरीतले कारकून. कचेरीत त्यांना कुणी काही विचारत नसे. घरी वसुधाबाई विचारत, पण ते रॉकेल आणलंत का, एवढंच. रविवार मात्र त्यांचा स्वतःचा. सकाळी जुनी सायकल काढायची आणि बोरिवलीच्या मागचा डोंगर गाठायचा. तिथल्या पाड्यावर त्यांना 'भाऊ' म्हणत.

सुरुवातीला एकदा, ऐनाच्या झाडाखाली जिथं वाट अरुंद होते, एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला ओढा, तिथं त्यांनी जानकीच्या पाठीमागून घंटी बडवली होती. ती जागच्या जागी उभी राहिली होती.

"डोक्यावर मोळी असली का मान वळत नाय, भाऊ. घंटी कशाला मारतोस? तू उतर, मी जाते."

मार्तंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ते ऐनापाशी उतरायचे, सायकल खडकाला टेकवायचे आणि मोळीवाल्या बायका जाईपर्यंत थांबायचे. जाताजाता जानकी कधी मूठभर करवंदं त्यांच्या पिशवीत टाकायची. एवढा मान त्यांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता.

यंदाच्या थंडीत चंद्रप्रकाश आणि त्याच्या मित्रांनी सायकल क्लब काढला आणि काकांना कॅप्टन केलं. पन्नाशी उलटल्यावर कॅप्टन! मार्तंडराव हरखूनच गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांना बजावलं, ऐनापाशी सगळ्यांनी उतरायचं. दोन रविवार पोरं उतरलीही. तिसऱ्या रविवारी डोंगरमाथ्यावर चंद्रप्रकाश म्हणाला, "काका, खरा उतार तिथंच आहे यार. उतरलं की सगळी मजा जाते. आम्ही घंटी मारू ना, जोरात!"

त्या जागी घंटीचा काय उपयोग, हे मार्तंडरावांइतकं कुणाला ठाऊक होतं? पण आजवर कुणी त्यांची परवानगी मागितली नव्हती. मागणाऱ्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

"बरं, पण जोरात मारा हं," ते म्हणाले.

त्यानंतर पाच मिनिटांत हे झालं.

जानकीला झोळीत घालून खाली नेलं. पाय जुळेल, पण डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरणं आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. क्लबची पोरं पुढच्या रविवारी गोरेगावकडे वळली. डोंगरात लफडी फार, असं त्यांचं मत पडलं. कॅप्टनला बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

मार्तंडराव एकटेच डोंगरावर आले. ऐनापाशी वाटेवर काट्यांच्या फांद्या रचल्या होत्या. मधे माणूस जाईल एवढीच फट. शेजारी जानकीचा भाऊ कुंडलिक बसला होता.

"माणसाला वाट हाय. सायकलीला नाय," तो म्हणाला.

"कुंडलिक, मी तर उतरतोच रे. तुला ठाऊक आहे."

"मला ठाव हाय. तिलापन ठाव होतं." कुंडलिकचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "घंटी ऐकली तिनं. खडकाला चिकटून उभी ऱ्हायली असती तर वाचली असती. पन म्हनली, भाऊची पोरं हायत, उतरतील. म्हनून वाट नाय सोडली तिनं."

मार्तंडरावांनी येताना मनाशी बरंच काही जुळवून आणलं होतं. पोरं ऐकत नाहीत, आजकालचा जमानाच तसा, वगैरे. ते सगळं आता निरुपयोगी होतं. ती वाट त्यांनी स्वतःच्या हातानं घालवली होती, तीही एका फुकटच्या कॅप्टनकीपायी.

तेवढ्यात वरून मोळ्या घेतलेल्या बायका आल्या. पुढं जानकीची मुलगी रुक्मिणी होती. आईची मोळी आता तिच्या डोक्यावर होती. सवयीनं मार्तंडराव बाजूला झाले, सायकल खडकाला टेकवली आणि वाट मोकळी करून उभे राहिले.

बायका पुढं आल्याच नाहीत. रुक्मिणी काट्यांच्या पलीकडेच थांबली आणि तिच्यामागं सगळी रांग थांबली.

"या गं, या. मी उभा आहे," मार्तंडराव म्हणाले.

कुणी पाऊल उचललं नाही. रुक्मिणीची मान ओझ्याखाली थरथरत होती, तरी तिनं मोळी खाली ठेवली नाही.

अखेर मार्तंडरावांनी सायकल वळवली आणि हातात धरून ते उतार उतरू लागले. ते पार वळणाआड जाईपर्यंत बायका डोक्यावर ओझं घेऊन तशाच उभ्या राहिल्या.