सायकलची घंटी

मतदानाच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "न्यीमा, बाबांच्या सायकलची घंटी काढून ठेव."

बाबा जाऊन दोन महिने झाले होते. सायकल शेंगांच्या कोठीत भिंतीला टेकून तशीच उभी होती. तरी न्यीमाने पाना शोधला.

गांबियात मत म्हणजे काचेची गोटी. आपल्या उमेदवाराच्या रंगाच्या पिंपात ती टाकली की आत घंटी वाजते. मत पडलं हे बाहेर उभ्या असलेल्यांनाही कळतं. कोणत्या पिंपात, ते कळत नाही. त्या आवाजाशी गल्लत नको म्हणून त्या दिवशी मतदानाच्या शाळेच्या आसपास सायकलला बंदी. पण फमारा कुजाबी, म्हणजे न्यीमाचे बाबा, चालत जाण्यात कमीपणा मानत. एका निवडणुकीत ते सायकलवरून थेट फाटकापर्यंत गेले, समोर बकरी आडवी आली, त्यांनी घंटी वाजवली आणि आतल्या म्हातारीने दोनदा मत दिलं असं समजून सगळा खोळंबा झाला. तेव्हापासून घंटी काढायची, झग्याच्या खिशात टाकायची आणि मगच निघायचं, असा घरचा रिवाज पडला.

आई नुसता रिवाज पाळते आहे, असं न्यीमाला वाटलं. पण आईने चुलीवरचा भात उतरवला, डोक्याला पांढरं फडकं बांधलं आणि मतदारकार्ड हातात घेतलं. इद्दत, म्हणजे विधवेने घरात राहायचे चार महिने दहा दिवस, संपायला अजून निम्मा काळ होता.

बाबांचा धाकटा भाऊ, बाकारी काका, अंगणात बसला होता. तो ओरडला नाही. विधवेने दवाखान्यात जावं, फार तर बाजारात; गोटी टाकायला कशाला, एवढंच म्हणाला. गरजेपुरतं दिवसा बाहेर पडायला इमामांची ना नव्हती, पण गरज कशाला म्हणायचं ते त्यांनी घरच्यांवर सोडलं होतं. आई उंबऱ्यातच थांबली. दिराला उलट बोलली असती, तर दोन घरांतलं बोलणं कायमचं तुटलं असतं. न्यीमा शहरात मुलांना नागरिकशास्त्र शिकवायची. इथे ती खिशातली घंटी नुसती चाचपत राहिली.

तेवढ्यात बाबांचा जुना दोस्त वाली जूफ आत आला. वाली सेरेर, मासेमारांचा; कुजाबी जोला, भात पिकवणारे. या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. एकाने दुसऱ्याला गुलाम म्हणावं, खादाड म्हणावं. दुसऱ्याने रागवायचं नाही, आणि त्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. बाबांच्या मातीला हा वाली कबरीत पाय सोडून बसला होता. माझा गुलाम मला न विचारता निघाला कुठे, असं म्हणत राहिला, आणि रडणारी माणसं हसली होती.

दारात काय चाललंय ते त्याच्या ध्यानात आलं.

"काय रे भातखाऊ," तो काकाला म्हणाला, "माझ्या गुलामांतलं एक मत आधीच कमी झालं. दुसरं तू घरात कोंडतोस?"

"हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

"गुलामाला कुठलं आलंय घर? घर माझं. वहिनींना जाऊ दे. मी मागतोय."

काकाने तोंड फिरवून हसू दाबलं. "मासळीचा वास आला तेव्हाच कळलं, भिकारी दारात आलाय," तो म्हणाला. "जाऊन या, वहिनी. ऊन उतरायच्या आत परत या."

शाळेत बायकांनी आईला रांगेत पुढे घेतलं. न्यीमा फाटकाजवळ काजूच्या झाडाखाली उभी राहिली. बाबा तिथेच उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, कुजाबींच्या घरच्या सगळ्या गोट्या एकाच पिंपात पडतात.

घंटी वाजली. स्वच्छ, एकदाच. न्यीमाने खिशातली घंटी मुठीत घट्ट धरून ठेवली.

परतताना तिने विचारलं, "आई, खरंच सगळ्या एकाच पिंपात पडायच्या?"

"तुझ्या बाबांना तसं वाटायचं."

"आणि आज?"

"घंटी ऐकलीस ना?"

"ऐकली."

"मग झालं तर. सगळ्या पिंपांची सारखीच वाजते."

घरी आल्यावर आईने पाना मागून घेतला. कोठीत बसून तिने स्वतः घंटी सायकलला बसवली आणि नीट बसली का ते बघायला एकदा वाजवली.

"आता कुणाचं मत पडलं?" अंगणातून काकाने विचारलं.

"तुमच्या भावाचं," आई म्हणाली, आणि भात वाढायला गेली.