संकुंग बोलेना

पाहुणी येऊन गेली आणि संकुंगचं तोंड जे बंद झालं ते झालंच. तेनेंग म्हातारीच्या जिवाला चैन पडेना.

गांबिया नदीकाठच्या त्या गावात ह्या दोघांच्या कुळांचं थट्टेचं नातं, वाडवडिलांपासूनचं. भेटलं की एकमेकांना गुलाम म्हणायचं आणि राग धरायचा नाही. धक्क्याला शेंगांच्या होड्या लागायच्या, तेव्हा एवढासा संकुंग लांबूनच ओरडायचा, "ए गुलामिणी, पाया पड माझ्या!" ती म्हणायची, "हात मेल्या, तुला तर मी मूठभर शेंगांना विकलंय!" काय दिवस होते ते! तिच्या लग्नात ह्यानं वाट अडवली, मानाची कोला फळं घेतल्याशिवाय हलला नाही. तिचा नवरा गेला तेव्हा हा पठ्ठ्या मयताच्या चटईवर आडवा झाला. "मलाही पुरा रे, हिच्या तोंडापुढं जगणं नको!" रडता रडता तिला हसू फुटलं होतं. तेवढ्यावरच तर ती तगली.

आणि परवा समुद्रापलीकडून ती बाई आली. तिच्या पूर्वजांना गुलाम करून ह्याच नदीतून नेलेलं. संकुंगनं सवयीनं तेनेंगला 'ए गुलामिणी' अशी हाक मारली, दुभाष्यानं ती जशीच्या तशी सांगितली, आणि बाई धक्क्यावरच मटकन बसून ढसाढसा रडली. तेव्हापासून संकुंग गप्प.

शेवटी तेनेंग त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "काय रे, जीभ गहाण टाकलीस?"

संकुंगनं मान वर केली नाही. "तुला ठाऊक नाही, तेनेंग. आमच्या पणजोबांच्या बापानं त्या धक्क्यावर माणसं बांधून गोऱ्यांच्या हवाली केली. आणि मी जन्मभर दात काढत तोच शब्द..."

"ठाऊक नाही?" म्हातारी खवळली. "अरे, त्यात आमच्या घरची पोर होती! आजीनं मांडीवर घेऊन सांगितलंय मला."

संकुंगनं आता मान वर केली. "मग माझी थट्टा सोसलीस कशी?"

"सोसली? तुला तोंडावर गुलाम म्हणायचं आणि तू हसत ऐकून घ्यायचंस! त्या पोरीच्या बदल्यात आम्हाला एवढंच मिळालं रे. तेही काढून घेतोस?" मग कंबरेवर हात ठेवून ती ओरडली, "ऊठ, गुलामा! लाकडं फोड माझी!"

एरवी दहा शिव्या परत आल्या असत्या. संकुंग निमूट उठला, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तिच्या घराकडं चालू लागला.

धापा टाकत तेनेंग त्याच्यामागं धावली.

"अरे, असा मुकाट्यानं नको जाऊस! उलट बोल की मेल्या, काहीतरी उलट बोल!"