बावन्न कलमे आणि मूठभर कुरुत

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या अंगाचा मूळचा शुभ्र वर्ण आता पिवळसर झाला आहे, आणि माझी एक कळ दोनदा दाबल्यावाचून उमटत नाही. तरीही कोचकोर गावच्या नमदाघरात मला जो मान आहे, तो नव्या यंत्रांनाही क्वचितच लाभत असेल.

माझी पहिली चाकरी बिश्केकमधील एका शाळेच्या कचेरीत झाली. सात वर्षे मी मुलांची गुणपत्रके छापली. पुढे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी मोडक्या बाकांखाली झाली. तीन हिवाळे कोणी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. त्याच शाळेतील शिक्षिका असिलकान एजे नोकरी सोडून आपल्या गावी परतल्या, तेव्हा त्यांनी मला मागून घेतले आणि मांडीवर ठेवून घाटरस्त्याने येथे आणले. एजे म्हणजे ताई.

या नमदाघरात अकरा स्त्रिया आहेत. लोकर पिंजायची, तिच्यावर कढत पाणी शिंपडायचे, चटईत गुंडाळायची आणि साऱ्याजणींनी ओळीने गुडघे टेकून कोपरांनी लाटायची. त्यातून घट्ट नमदा तयार होतो, आणि त्याचा नक्षीदार गालिचा म्हणजे शिरदाक. नक्षी कापण्याचा मान बुरुलचा आपांचा. आपा म्हणजे वडीलधारी बाई. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, पण खडूची एकदा ओढलेली रेघ त्या पुसत नाहीत.

शिरदाकांची छायाचित्रे समुद्रापलीकडे पाठवणे आणि तिकडचे पैसे एका ऑनलाइन सेवेमार्फत स्वीकारणे, हे माझे काम. पैसे जमा झाले की मी टण् असा नाद करी, आणि तोतुया नावाची हसरी बाई ओरडे, "आरवला गं आपला कोंबडा!"

आता एक रीत सांगतो. या प्रदेशात कोणालाही रित्या हाताने धाडत नाहीत. शेजारणीचे भांडेसुद्धा रिकामे परत जात नाही. म्हणून प्रत्येक पार्सलात मूठभर कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, फडक्यात बांधून घातले जात. त्याची नोंद कोठेही नसे. भेट कागदावर लिहिणे येथे अशोभनीय मानतात.

एका वसंत ऋतूत त्या सेवेने नव्या अटी पाठवल्या. कलमे बावन्न, आणि तळाशी 'मान्य' असे बटण. तीन पार्सले निघायची होती. असिलकान एजेंनी घाईने कलमे सरकवली आणि बटण दाबले. सारे काही माझ्याच पडद्यावर लिहिलेले होते, पण मला वाचा नव्हती. ती खंत अद्याप माझ्या मनात आहे.

एकतिसावे कलम असे होते : पार्सलात न कळवलेला खाद्यपदार्थ आढळल्यास विक्रेत्याची सर्व रक्कम सहा महिने रोखली जाईल.

पुढील आठवड्यात एका ग्राहक बाईंनी आनंदाने जाहीर अभिप्राय लिहिला : गालिचा सुंदर आहेच, पण सोबतचे पांढरे खारट गोळे मुलांनी एका दिवसात संपवले! मित्रांनो, ही स्तुतीच फास ठरली. दुसऱ्या दिवशी खाते गोठले.

लोकर कातरण्याचे दिवस होते. वीस दिवसांत मेंढपाळ कळप घेऊन उंच कुरणांवर जाणार होते. तत्पूर्वी लोकर घेतली नाही, तर वर्षभर हात रिकामे. हे कळताच सेयित नावाचा व्यापारी दारात उभा राहिला.

"सगळा माल निम्म्या भावात मला द्या. लोकर मी आणतो, तुम्ही फक्त लाटायचं."

"सेयित बायके, गिधाडंसुद्धा घोडा मरेपर्यंत थांबतात हो!" तोतुया म्हणाली. बायके म्हणजे दादा.

"घोडा उभा तरी आहे का तुमचा? वीस दिवसांनी येतो."

तो गेल्यावर असिलकान एजेंना रडू कोसळले. "आपा, सगळेच न वाचता दाबतात हो."

"सगळ्या मेंढ्या दरीत उतरल्या, म्हणून तूही उतरलीस? मास्तरीण ना तू?" बुरुलचा आपा म्हणाल्या. मग डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने त्यांचे डोळे पुसून म्हणाल्या, "घोडा घेताना आपण दात बघतो. दुसरी सेवा शोध. पण या खेपेला दात सगळ्याजणी बघू."

अशा रीतीने नमदाघरात वाचन सुरू झाले. असिलकान एजे माझ्यासमोर बसून एकेक कलम मोठ्याने वाचत, आणि दहाजणी उरलेली लोकर लाटत ऐकत. एकीला जरी अर्थ कळला नाही, तरी चटई थांबे. शोधलेल्या पहिल्या सेवेच्या अटी इतक्या लांब, की एक नमदा लाटून झाला तरी त्या संपल्या नाहीत.

"'आम्ही अटी केव्हाही, न कळवता बदलू शकतो.'"

"म्हणजे साखरपुडा एकाशी आणि बोहल्यावर दुसराच?" तोतुया म्हणाली. चटई थांबली. ती सेवा बाद झाली.

दुसऱ्या सेवेचे कलम आले, "'तंटा आमच्याच शहरात, आमच्याच पंचांपुढे चालेल.'"

"पंच त्यांचे, सुरी त्यांची, मेंढी तेवढी आपली! पुढची काढ," आपा म्हणाल्या.

तिसरी सेवा अल्माती शहरातील कारागिरांच्या एका संघाची होती. सोळा कलमे निर्विघ्न पार पडली. सतराव्यात मात्र तोच काटा : तक्रार आल्यास सर्व रक्कम रोखू. असिलकान एजेंचा स्वर खाली आला. दिवस अकराच उरले होते.

"माणसंच आहेत ना ती? मग विचारून बघ," आपा म्हणाल्या. "लिही, ज्या पार्सलाचा तंटा, तेवढेच पैसे अडवा. एक मेंढी लंगडली म्हणून कोणी कळप बांधून ठेवत नाही."

ते पत्र माझ्याच कळांवर लिहिले गेले. चौथ्या दिवशी उत्तर आले : "कोणा विक्रेत्याने हे कलम वाचल्याचे आम्हांस प्रथमच आढळले. आपले म्हणणे न्याय्य आहे. सर्वच विक्रेत्यांसाठी आम्ही ते बदलले आहे. फक्त खाद्यपदार्थाची नोंद पावतीवर असावी."

"भेट कागदावर मांडायची?" आपांनी विचारले. मग म्हणाल्या, "लिही. कुरुत, एक मूठ, मोल नाही."

अकराजणींनी तळहात पसरून आशीर्वचन म्हटले, 'ओमीन' म्हणत तेच तळहात तोंडावरून फिरवले, आणि मग बटण दाबले गेले. जुन्या ग्राहकांना नवा मार्ग कळवला. दोन दिवसांत नऊजणांनी आगाऊ पैसे धाडले आणि मी नऊ वेळा आरवलो! कळप वर निघण्याच्या दोन दिवस आधी लोकरीची पोती छतापर्यंत रचली गेली. ठरल्या दिवशी सेयित आला, पण पोत्यांमुळे त्याला आत पाऊल टाकायला जागा नव्हती.

"बायके, बाहेरूनच बोला," तोतुया म्हणाली. "आणि रित्या हाताने जाऊ नका हं. कुरुत देते!"

जुन्या सेवेने सहा महिन्यांनी पैसे सोडले. ते घेऊन असिलकान एजेंनी ते खाते बंद केले.

आता आसपासच्या गावांतील स्त्रियाही आपापल्या अटी वाचून घ्यायला येथे येतात. माझी गती मंद आहे, पण वाचणाऱ्याला मंद यंत्रच बरे पडते. असिलकान एजे रोज मऊ लोकरीने माझी धूळ पुसतात.

म्हणून मित्रांनो, संमती देण्यापूर्वी वाचा. घाई असेल तेव्हा तर अवश्य वाचा, आणि शेजारच्यालाही मोठ्याने वाचून दाखवा. एखादे कलम खटकले, तर मुकाट्याने मान डोलावू नका. विचारा. पलीकडेही माणूसच बसलेला असतो, आणि कित्येकदा त्याला आजवर कोणी विचारलेलेच नसते.