काळ्या खिडकीचा पट

मित्रांनो, मी एक जुना पट आहे. तुमच्या कपाटात चकचकीत खोकी असतात, त्यांच्यापैकी मी नव्हे. मला एका माणसाने आपल्या जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या हाताने रंगवलं. आता माझा पुठ्ठा कडांना सुटलाय, घडीवरचं कापड उसवलंय, आणि माझ्या अंगाला कुबट वास येतो हेही मला ठाऊक आहे. तोंडावर सांगायची गरज नाही. पण माझ्यासारखा दुसरा पट जगात उरलेला नाही. ही बढाई वाटली तर वाटो. ज्याला आपल्यासारखं कुणीच नसतं त्याला रोज भीती वाटते.

ड्रेस्डेन शहरात नॉयबर्ट नावाचे एक चित्रकार होते. त्यांनी माझ्यावर एक उंच, अरुंद घर काढलं. खालच्या दारातून शिरायचं, फासा टाकत एकेक खोली चढायची आणि जो आधी माळ्यावर पोचेल तो जिंकला. प्रत्येक खिडकीत कुणीतरी आहे. पाव मळणारी बाई आहे, चेलो वाजवणारा म्हातारा आहे, पोपटाशी भांडणारी मुलगी आहे. जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत नॉयबर्टांनी आपला धाकटा मुलगा काढला. त्याचं नाव उली. मी रंगवला जात होतो तेव्हा तो टेबलाशी उभा असायचा, ओल्या रंगाला हळूच करंगळी लावायचा आणि बोलणी खायचा. माझ्या सहा सोंगट्यांपैकी पांढरी त्याने आधीच आपली म्हणून ठेवली होती.

त्या थंडीत उलीला घटसर्प झाला. पहिला डाव मांडायच्या आत तो गेला.

नॉयबर्टांनी मग ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि जिन्यावरची ती खिडकी बंद करून टाकली. रंग जरा जाडच बसला. लोकांना वाटतं तिथे नुसता काळा चौकोन आहे. पण रंगाखाली उली तसाच उभा आहे, खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून. मला तो तिथे जाणवत असे. पायात काटा मोडलेला असावा तसा.

पुढे एका छापखान्याने माझ्यावरून प्रती काढल्या. ‘वेअर वोन्ट हिअर?’ असं माझं नाव होतं, म्हणजे ‘इथे कोण राहतं?’ मुलांना मी फार आवडलो. दुकानाच्या काचेत मला मधोमध ठेवत, आणि मीही थोडा शेफारलोच होतो. मग युद्ध आलं. छापखाना जळाला आणि थंडीच्या दिवसांत कित्येक घरांनी माझ्या प्रती शेगडीत घातल्या. त्यांना दोष कसा देऊ? पुठ्ठा लवकर पेटतो. नॉयबर्ट गेल्यावर घरातलं सामान विकलं गेलं, त्यात मीही गेलो. मग या घरातून त्या घरात असा फिरत राहिलो.

एक गोष्ट मात्र सगळ्या घरांत सारखीच घडायची. पांढरी सोंगटी कुणी घेतली नाही की ती डब्यात राहत नसे. मुलं बाकीच्या सोंगट्यांनी खेळायची, मला मिटून ठेवायची, आणि पुन्हा उघडावं तर पांढरी त्या काळ्या खिडकीच्या खाली बसलेली. आधी मुलं एकमेकांवर आळ घ्यायची, मग भांडायची, मग गप्प व्हायची. शेवटी कुणीतरी मोठं माणूस मला दोरीने बांधून माळ्यावर टाकायचं. माळ्यावर मी किती वर्षं काढली ते विचारू नका. अंधारात कुणीतरी आपल्या आत जागं आहे हे सोसायला धीर लागतो.

अखेर कोलोनच्या एका जुन्या बाजारात मला जुन्या खेळांच्या एका फेराइनने, म्हणजे हौशी मंडळींच्या संस्थेने, उचललं. हरवलेले खेळ शोधायचे, जपायचे आणि जमल्यास पुन्हा छापायचे हा त्यांचा उद्योग. तिथे मला मैत्रेयी भेटली. ती मूळची पुण्याची, दिवसभर सॉफ्टवेअर कंपनीत काम करायची आणि उरलेला जीव जुन्या खेळांत घालायची. माझं स्कॅनिंग तिच्याकडे आलं. मऊ कापडात गुंडाळून ती मला घरी घेऊन आली. हात लावायची तर पांढरे हातमोजे घालून. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कितीतरी वर्षांनी येत होतं, त्यामुळे तिचं माझं तेव्हाच जमलं.

पण मित्रांनो, जुना खेळ पुन्हा छापणं म्हणजे नुसतं यंत्राचं बटण दाबणं नव्हे. खेळायची पद्धत कुणाच्या मालकीची नसते. चित्र मात्र असतं, आणि चित्रकार गेल्यावरही सत्तर वर्षं ते त्याच्या वारसांचं राहतं. नॉयबर्टांना जाऊन अजून तेवढी वर्षं झाली नव्हती. नावाची तर वेगळीच गत. एका खेळणी कंपनीने ते आपल्या ठोकळ्यांसाठी मार्के, म्हणजे व्यापारचिन्ह, म्हणून नोंदवून टाकलं होतं, आणि ती काही सोडायला तयार नव्हती. म्हणजे छापलो गेलो तरी मी माझ्या नावाने छापला जाणार नव्हतो. मला हे फार लागलं. माझ्या वयाला नाव बदलायचं म्हणजे काय!

चित्राची वारस एकच उरली होती: उलीची मोठी बहीण, ड्रेस्डेनला राहणारी फ्राऊ, म्हणजे श्रीमती, नॉयबर्ट. वयाने नव्वदीच्या पुढची. मैत्रेयीने तिला फोन केला तेव्हा मी शेजारीच उघडा पडलो होतो. म्हातारी म्हणाली, चित्र घेऊन या, मी बघेन. पण जिन्यावरची खिडकी काळीच राहिली पाहिजे. आई म्हणायची, तो तिथे झोपलाय, त्याला उठवू नका. त्या खिडकीत कुणी काही केलेलं दिसलं तर मी सही करणार नाही.

मैत्रेयीने कबूल केलं. म्हातारीच्या सहीवाचून मी छापला जाणार नव्हतो, आणि माझा पुठ्ठा तर दर महिन्याला थोडा थोडा भुगा होत होता.

त्याच आठवड्यात दसरा आला. मैत्रेयीचे सासरे दीनानाथराव पुण्याहून मुक्कामाला आले होते. नवरा हृषिकेश कामासाठी रुसेल्सहाइमला गेलेला, म्हणून पूजा सासऱ्यांनीच मांडली. पाटावर मैत्रेयीचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, मिक्सर, नऊ वर्षांच्या अन्वीचं व्हायोलिन, आणि या सगळ्यांच्या मधोमध मी. प्रत्येकावर शेवंतीचं फूल आणि ओल्या कुंकवाचं बोट. मैत्रेयी आंघोळ करून आली आणि जागच्या जागी थिजली.

“बाबा, अहो हे काय केलंत? ही फेराइनची वस्तू आहे. ग्लव्ह्जशिवाय आम्ही हात पण लावत नाही हिला.”

“अगं, झाकणावर नुसतं बोट टेकवलंय,” दीनानाथराव म्हणाले. “सगळ्यांना लावलं. तुझं सध्याचं काम ते हे, मग त्यालाच वगळायचं होय?”

मैत्रेयीने वाकून पाहिलं. झाकण कोरडं होतं. कुंकवाचा ठिपका तर नव्हताच, बोट टेकल्याची खूणही नव्हती.

“लावलं होतं,” दीनानाथराव म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता. “हे बघ, माझं बोट अजून लाल आहे.”

तोवर अन्वीने मला उघडलं होतं. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. “मामा,” ती आईला म्हणाली, “डास फेन्स्टर इस्ट रोट.” खिडकी लाल झालीये.

काळ्या चौकोनाच्या मधोमध एक ओला लाल ठिपका होता. दूरवरच्या घरात दिवा दिसावा तसा. दीनानाथरावांनी आपला जाडजूड अंगठा आणि बोटं त्याच्यापाशी नेली आणि मागे घेतली. तो ठिपका लहान मुलाच्या करंगळीएवढा होता.

तुम्ही विचाराल, तुला तरी माहीत असेल ना? खरं सांगतो, झाकण बंद असलं की मला दिसत नाही, फक्त जाणवतं. दीनानाथराव मंत्र म्हणत होते तेव्हा माझ्या अंगावरून एक छोटं, थंड बोट फिरलं. रंग ओला आहे की नाही हे बघायला फिरवतात तसं. त्या बोटाची मला ओळख होती.

त्या दिवशी मैत्रेयी जेवली नाही. ठिपक्यासकटच स्कॅन झाला होता आणि कॉम्प्युटरवर तो ठिपका काळा करून टाकणं तिच्या डाव्या हातचा मळ. तिने तो मोठा करून पडद्यावर आणला, माउसवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली.

“पुसून टाकू का, बाबा? आजींना कळणार पण नाही. नाही पुसलं तर त्या साइन करणार नाहीत, आणि मग हा खेळ संपलाच.”

“पडद्यावरचं पुसशील. पटावरचं काय करशील?” दीनानाथराव म्हणाले. “म्हातारं माणूस आहे ते. मी येतो बरोबर. चूक माझ्या बोटाची आहे, मीच सांगतो.”

तर आम्ही आगगाडीने ड्रेस्डेनला गेलो. मैत्रेयीने मला वाटभर मांडीवर धरलं होतं. ज्या शहरात माझा जन्म झाला तिथे मी अशा अवस्थेत परत येत होतो, कपाळाला कुंकू लागलेल्या अवस्थेत. मला रडू येत होतं. पण पुठ्ठ्याला रडून चालत नाही, तो फुगतो.

फ्राऊ नॉयबर्टने आम्हाला खिडकीपाशी बसवलं. मैत्रेयीने काही न लपवता सगळं सांगितलं, दसरा म्हणजे काय तेही. मग मला उघडलं. म्हातारीने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि इतका वेळ बघत राहिली की मला माझं वय जाणवायला लागलं.

“कुणी लावलं हे?” तिने विचारलं. मैत्रेयी तिचं बोलणं सासऱ्यांना मराठीत सांगत होती. दीनानाथरावांनी मान खाली घालून हात पुढे केला. म्हातारीने त्यांचं बोट आपल्या हातात घेतलं, ठिपक्याशेजारी धरलं आणि मान हलवली.

“हे बोट तुमचं नाही,” ती म्हणाली.

मग ती हळूहळू सांगू लागली. उली अंधाराला फार भ्यायचा. वडिलांनी खिडकी काळी केली तेव्हा ती सात वर्षांची होती. तिथे निदान दिवा तरी ठेवा म्हणून ती रडली होती, आणि तिला गप्प बसवलं होतं. तेव्हापासून आई जे म्हणायची तेच ती म्हणत आली, की तो झोपलाय. “झोपला नव्हता,” ती म्हणाली. “इतकी वर्षं कुणी दिवा आणतंय का, वाट बघत बसला होता.” बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते तिने पुसलंही नाही.

तिने सही केली. अट उलटी झाली होती: प्रत्येक प्रतीत तो लाल ठिपका राहिला पाहिजे.

नावाचा प्रश्न त्यातूनच सुटला. ‘डास रोटे फेन्स्टर’, लाल खिडकी. फेराइनच्या वकिलांनी नोंदी तपासल्या, खेळांमध्ये या नावावर कुणाचाही हक्क नव्हता. मी दोन दिवस रुसून होतो. मग वाटलं, माझं आधीचं नाव हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आता मिळालं आहे. एवढ्यासाठी नाव सोडायला हरकत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या प्रती आल्या. भरदुपारी फेराइनच्या हॉलमध्ये खोक्यांची चळत लागली होती. अन्वीने पहिली प्रत फोडली, आणि रंग नीट उतरलेत का ते पडताळायला मैत्रेयीने मला शेजारी उघडलं. नव्या पटावर ठिपका छान लाल होता. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझी खिडकी काळी होती. भिंग आणलं, दिवा आणला. कुंकवाचा कणही नव्हता. डब्यात पांढरी सोंगटीही नव्हती.

“हरवली की काय?” मैत्रेयी म्हणाली.

“नाईन, नाही,” अन्वी म्हणाली आणि खोक्यांच्या त्या चळतीकडे बोट दाखवलं. “तो खेळायला गेला.”

तेव्हापासून माझ्या अंगातला काटा निघाला आहे. रंगाखाली कुणी नाही. मला हलकं वाटतं, आणि खरं सांगायचं तर फार एकटंही वाटतं. आता मी काचेच्या पेटीत असतो, हवा मोजून सोडतात, कुबट वासही कमी झालाय.

मित्रांनो, तुमच्याकडे लाल खिडकीची प्रत आली तर तिला जपा. ओल्या हाताने धरू नका, खेळ झाला की सोंगट्या नीट भरा. पांढरी मात्र डब्यात कोंडू नका, ती पटाच्या कडेला उभी ठेवा. आणि मधेच ती कुणी हात न लावता एक खोली पुढे गेलेली दिसली, तर एकमेकांवर आळ घेऊ नका, पट मिटू नका. फासा तिच्यापाशी सरकवा. पाळी त्याची आहे, आणि पहिला डाव त्याने अजून पुरा खेळलेला नाही.