मापाचा झंपर

सकाळी साडेदहाला, केडगावातल्या एका लग्नाच्या मांडवात, ललिता ओव्हाळ हिचा नवा झंपर काखेतून उसवला. नवरीवर अक्षता टाकायला तिने हात वर केला होता. आवाज टर्रकन झाला आणि दोन रांगा मागे फिरून पाहू लागल्या.

"ललिते, जेवन जरा कमी कर गं," एक बाई म्हणाली, "न्हाईतर पुढच्या लग्नात लुगडंबी पुरायचं न्हाई!"

सगळ्या हसल्या. ललिताने पदर काखेत खोचला आणि न जेवता दौंडची गाडी धरली.

मित्रांनो, उसवला तो झंपर मी नव्हे. मी एक जुना मापाचा झंपर आहे. हिरव्या सुती कापडाचा, एकोणीसशे एकोणसत्तर साली शिवलेला. तेव्हा ललिता अठरा वर्षांची नवी नवरी होती. मी तिच्या अंगावर इतका छान बसलो की जो तो विचारी, "कुनी शिवला गं?" मला कॉलर नव्हती, नाहीतर ताठ झाली असती.

आमच्याकडे शिंपी बायकांच्या अंगाला टेप लावत नाही. बाई नवे कापड आणि नीट बसणारा एक जुना झंपर पिशवीत घालून पाठवते. शिंपी त्या जुन्यावर नवा बेततो. ललिताकडून तो मान मला मिळाला. दौंडच्या बाजारातले जयसिंग टेलर मला फळीवर पसरत, खडूने माझी कड आखत. माझ्यावरून नऊ वर्षे झंपर शिवले गेले, केडगावात उसवला तोही.

या नऊ वर्षांत ललिताला दोन मुले झाली. ती दवाखान्यात आया म्हणून लागली. रोग्यांना उचलून, पाण्याच्या बादल्या वाहून तिचे दंड भरले, खांदे रुंद झाले. मी मात्र अठरा वर्षांचाच राहिलो. प्रत्येक नवा झंपर तिला काचायचा आणि दर वेळी ती स्वतःच्या अंगाला नावे ठेवायची.

केडगावची गोष्ट घडून महिनाही झाला नसेल, तोच वस्तीची बैठक भरली. वस्तीतले वडीलधारे साहेबराव आबा म्हणाले, "औंदा जयंतीला झेंडा ललिताबाई चढवत्याल. वस्तीतल्या निम्म्या बाळंतपणांत तिचा हात हाय." टाळ्या पडल्या. आजवर हा मान कोणा बाईला मिळाला नव्हता.

घरी आल्यावर ललिता नवऱ्याला, चांगदेवला म्हणाली, "आबांना सांगा, मला जमायचं न्हाई."

"का गं?"

"दोरी वढाया हात वर करावा लागतो. पुन्यांदा उसवलं तर? समदी वस्ती बघत आसनार."

नणंद सिंधूबाईंनी पुण्याहून एक रबरी पट्टा आणला. "पोट आत दाबून बांध. म्हंजी शिडशिडीत दिसशील आन् झंपरबी बसंल." ललिताने तो बांधला. कमरेवर लाल वळ उठले, धाप लागू लागली. हात काही वर जाईना.

शेवटी पांढरे कापड आणि मला घेऊन ती सोजराबाईंकडे गेली. सोजराबाई केडगावच्या मिशनमध्ये शिवण शिकल्या होत्या आणि विहारासमोरच्या खोलीत मशीन चालवत.

"ह्यो कशाला आनला?" त्यांनी मला दोन बोटांत उचलले.

"मापाला."

"माप कुनाचं, तुझं का ह्याचं? आगं, ह्यो अठरा वर्सांच्या पोरीचा हाय. तिला आन, तिला शिवून देते."

ललिता हसली. त्या दिवसांत ती प्रथमच हसत होती.

"त्यो पट्टा काढ आधी. आता श्वास घे. भरून घे. हात वर कर, दोरी वढल्यागत."

टेप फिरली. ललिताने डोळे मिटून घेतले. "लई भरलं का वो?"

"जेवढं हाय तेवढं हाय. चपला घेताना पायाचं माप द्याया लाजतीस का?"

ललिता मला तिथेच विसरली. सोजराबाईंनी मला खिडकीच्या खिळ्याला टांगले, म्हणून समोर विहाराच्या अंगणातली चौदा एप्रिलची सकाळ मी डोळ्यांनी पाहिली.

पांढरे लुगडे, पांढरा झंपर, पट्टा नाही. ललिताने दोरी ओढली. गाठ कप्पीत अडकली. सिंधूबाईंनी तोंडावर पदर धरला. ललिताने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून हिसका दिला. निळा झेंडा उलगडला, फुले तिच्या तोंडावर पडली. शिवणीचा एक टाकाही हलला नाही.

"जय भीम!" ती ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज वस्तीने कधी ऐकला नव्हता. चांगदेव टाळ्या वाजवायचे विसरून नुसता बघत राहिला.

"काय जोर हाय गं बाईत!" मागून कोणीतरी म्हणाले. ललिताने ते ऐकले आणि हात खाली घ्यायची घाई केली नाही.

मित्रांनो, कपडा काचला तर आधी कपड्याचे माप तपासा. अंग रोज राबते, वाढते, लेकरे वाढवते. त्याला जपा, त्याला बोल लावू नका. मी फळीवर नऊ वर्षे पसरून हेच शिकलो.

जयंतीनंतर बायका पिशव्या घेऊन येऊ लागल्या आहेत. सोजराबाई त्यांचे मापाचे झंपर माझ्या शेजारी टांगतात आणि टेप काढतात. आज पार्वतीबाई आल्या आहेत. साठी उलटलेली, जन्मभर गाठीची चोळी घातलेली बाई. "आमच्या वयाला कसलं माप गं," असे म्हणत त्या मघापासून उंबऱ्यात उभ्या आहेत. एक चप्पल त्यांनी काढली आहे. दुसरी अजून पायात आहे.