मोकळी मान

मी एक चित्र बोलतंय, आणि चिडून बोलतंय. माझी मान लांब आहे हे मला ठाऊक आहे. ती चुकून लांब झालेली नाही!

माझा जन्म जळगावच्या एका चित्रकलेच्या कॉलेजात झाला. हेमांगी शेवटच्या वर्षाला होती. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या काही चित्रकारांना बेतशीर माणसं रंगवायचा कंटाळा आला. त्यांनी माना ताणल्या, बोटं लांबवली, अंगाला पीळ दिला. हेमांगीचे सर त्याला रीतिवाद म्हणायचे. त्या रीतीने तिने आपली आई, मंजुळाबाई, रंगवली. कापूस वेचून वेचून वाकलेल्या बाईला तिने वीतभर मान दिली. गळ्यात फक्त काळी पोत.

परीक्षेला द्यायच्या आधी आईला दाखवायला ती मला अमळनेरजवळच्या गावी घेऊन आली. मंजुळाबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"मान इतली वर करानं माले कधी जमनंच नही," त्या हळूच म्हणाल्या. मी तर हरखूनच गेलं.

मग हेमांगी दोन दिवसांसाठी जळगावला गेली आणि माझं नशीब फुटलं. तिचे वडील रुपचंदआबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"इतली लांब मान, आनि बठ्ठी मोकळी, एक दागिना नही! लोके काय म्हनतीन?"

त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या तोतारामला बोलावलं. त्या भल्या माणसाने काल माझ्या गळ्यात वज्रटीक काढली, तिच्याखाली मोहनमाळ, तिच्याखाली पुतळ्यांची माळ. जागाच जागा होती ना! शेजारणी येऊन विचारतात, कोणत्या सराफाकडचं? मानेबद्दल एक अक्षर नाही. डोकं फिरतं माझं!

आज हेमांगी परत आली. उद्या मला परीक्षेला द्यायचंय. बघताच ती रडकुंडीला आली. टर्पेंटाइनमध्ये बोळा बुडवून ती माझ्याजवळ आली. रंग अजून ओला होता, निघाला असता. पूस बाई, लवकर पूस!

मंजुळाबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे बेटा. खरं सोनं त अंगवर कधी पडनं नही. चित्रमा तरी राहू दे."

हेमांगीने बोळा खाली ठेवला. मग मी कोणापुढे ओरडू?

हेमांगी, आता एवढंच कर. उद्या परीक्षक हसले, तर त्यांना सांग, "या सोन्याखाली माझ्या आईची मान आहे."